उजवीकडचा आरसा

आरसा मिटलेला होता, म्हणून भाच्यानं तो उघडला. एवढंच झालं.

यात चुकलं काय, असं कुणीही विचारील. आरसे उघडण्यासाठीच तर असतात. भाचाही तेच म्हणणार होता, पण त्याचं म्हणणं तोंडातून बाहेर पडायच्या आत आरशाची काच बाहेर पडली.

मामा गाडी उलटी गॅरेजमध्ये घेत होते. शिवणकामाच्या खोलीतून एक दार गॅरेजकडे उघडतं, त्या दारात उभा राहून भाचा ओरडत होता, "या मामा, या, बिनधास्त या!" जसं काही गाड्या आत घेण्यातच त्याची हयात गेली होती. गाडीची शेपटी दारापुढून सरकली, मागचं चाक सरकलं, आणि तिकडे गॅरेजच्या तोंडाशी चौकटीवर काहीतरी कडाक वाजलं.

मग भाचा म्हणाला, "बास."

गाडी थांबली. इंजिन बंद झालं. मामा अर्धे आत, अर्धे बाहेर असे अडकून बसले होते. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि शांतपणे विचारलं, "भाचेबुवा, 'बास' हा शब्द आधी म्हणायचा की नंतर?"

"मामा, आरसा मिटलेला होता. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"मी मिटवला होता."

"पण का?"

"उघडा असला की असं होतं म्हणून."

भाच्यानं वळून खोलीत पाहिलं. खिडकीजवळ मामी शाळेच्या गणवेशाचा सदरा मांडीवर घेऊन काज करत बसली होती. तिनं मान वर केली नाही. एरवी या घरात चमचा पडला, तरी तो जमिनीला टेकायच्या आत मामीचं "काय पाडलंस रे?" येऊन धडकायचं. आज आख्खा आरसा फुटला आणि सुईदेखील थांबली नाही. काच फुटल्यापेक्षा भाच्याला तेच जास्त लागलं.

मामांनी गाडी पुढं घेतली, पुन्हा रस्त्यावर नेली, भिंतीला लागून उभी केली आणि तिच्यावर कव्हर चढवायला घेतलं. भाचा तुकडे गोळा करत म्हणाला, "मामा, उद्याच्या उद्या नवा आरसा आणतो. हे माझ्याकडे लागलं."

"लागलं," मामा म्हणाले. "फक्त उद्या म्हणजे कुठला उद्या, तेवढं सांगून ठेव."

टोमणा योग्य होता. भाचा लहान गावातल्या शाळेतून शिकून इथं विमा कचेरीत चिकटला होता आणि मामांच्या माडीवर राहात होता. नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी मामांनी त्याला पँट शिवून दिली. फक्त उजव्या पायाची लांबी एकदा अंगावर बघायची होती, म्हणून तिथं खालच्या घडीला कच्ची टीप घालून ठेवली होती. भाचा म्हणाला, "उद्या येतो अंगावर बघायला." तो 'उद्या' अजून उगवायचा होता, आणि कचेरीत जाणाऱ्या उजव्या पायावर पांढरा दोरा अजून तसाच होता.

मामांना गल्लीत सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले मास्तर नव्हेत, कात्रीचे. बुटके, सडपातळ, गळ्यात टेप. मामीच्या म्हणण्याप्रमाणे टेप काढला की त्यांना सर्दी होते. माणूस समोर येऊन बोलू लागला की मामांची नजर त्याच्या तोंडावर नसते, खांद्यावर असते. लोकांना वाटतं, मास्तर लाजाळू आहेत. ते लाजाळू नाहीत, ते माप घेत असतात.

गाडी त्यांनी उतारवयात घेतली. त्याआधी शिवलेल्या कपड्यांची गाठोडी मामी बसनं पोचवायची. एकदा बसमधून उतरताना गाठोडं चिखलात गेलं. एका शाळेचे सगळे पांढरे सदरे होते त्यात. मामी ते सगळे पुन्हा धूत बसली, आणि मामांनी कुणाला न विचारता एका जुन्या गिऱ्हाइकाची जुनी लहान गाडी ठरवून टाकली. मग प्रश्न आला, ठेवायची कुठं? गल्ली अरुंद. मालवाहू ट्रक, पाण्याचा टँकर, सगळे तिथूनच अंग घासत जाणार. घराच्या कडेला एक चिंचोळी मोकळी पट्टी होती. मामा म्हणाले, "तिथं गॅरेज शिवू."

शब्दच तसा निघाला तोंडातून, आणि काम अक्षरशः तसंच झालं. मामा टेप घेऊन गिऱ्हाइकाकडे गेले आणि त्यांनी गाडीचं माप घेतलं. लांबी, उंची, छाती. माप घेताना गिऱ्हाइकाला आपण काय सांगतो? हात खाली, सरळ उभे राहा. त्याप्रमाणे मामांनी गाडीचे दोन्ही आरसे मिटले, सरळ रेषेत टेप धरला, आकडे मनात घेतले आणि दोन्ही बाजूंना मोजकी बोटं लूज सोडून गवंड्याला माप दिलं. फिटिंग असं, की बघत राहावं.

बघतच राहिले सगळे. कारण कोट शिवताना गिऱ्हाईक पुढं कधीतरी हात वर करणार, हे मामा कधी विसरले नसते; गाडी दार उघडणार, हे मात्र विसरले. पहिल्या दिवशी मामांनी गाडी तोंड आत करून घातली. सुरेख गेली. मग दार उघडायला गेले, तर ते चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. मामा मागच्या सीटवरून चढून डिकीतून बाहेर आले. मामी पुढं कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमचे हे सामानासारखे उतरले हो."

दुसरा एखादा खचला असता. पण शिंप्याला उसवायची लाज नसते. मामांनी गवंड्याला परत बोलावलं. गॅरेज आणि शिवणकामाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. मामांनी खिशातला खडू काढून त्या भिंतीवर एक उभी चौकट आखली.

"इथं काज पाड."

"दार म्हणा की मास्तर."

"तुझ्यासाठी दार. मला यातून बटण काढायचंय."

तेव्हापासून गाडी उलटी आत येते. ती नेमक्या जागी थांबली, की गाडीचं दार त्या काजासमोर येतं, तिथंच उघडतं, आणि मामा गाडीतून पाय काढतात तो थेट शिलाईच्या मशीनपाशी टेकवतात. वीतभर अलीकडे थांबलं तर शटर लागत नाही. वीतभर पलीकडे गेलं तर मामा गाडीत कैद.

आणि आरशांचं असं, की दोन्ही उघडे ठेवले तर गाडी आत शिरतच नाही. एक मिटावाच लागतो. मामा उजवीकडचा मिटतात आणि सगळा वेळ डावीकडच्या आरशात डोळे रोवून बसतात, कारण तिकडची भिंत जवळ आहे. मान उजवीकडे वळवली, की हात हलतो आणि गाडी खरचटते. मग उजवीकडचं कोण बघणार?

उजवीकडे मामी. ती काजात उभी राहायची आणि सुरू व्हायची: "या... या... या... अजून या... झोपलात का, या..." गाडीची शेपटी तिच्यापुढून जायची, मागची खिडकी जायची, आणि मामांचा चेहरा चौकटीत पुरता आला, की "बास!" तिचं माप ते. टेप नाही, खूण नाही, भिंतीवर रेघ नाही. नवऱ्याचा चेहरा दिसला की बास. गल्लीतली पोरं तिची नक्कल करत सायकली मागं घ्यायची. मामी म्हणायची, "मेल्यांनो, मला बघून शिका आणि मलाच चिडवा."

विमा कचेरीत भाच्याचं काम म्हणजे आपटलेल्या गाड्यांचे फोटो बघणं आणि लोकांची कारणं वाचणं. 'भिंत अचानक समोर आली' असं लिहिणारेही त्यानं पाहिले होते. मास्तरांच्या गाडीवर मात्र गॅरेजमध्ये कधी एक रेघ उठली नव्हती. माडीवरून उतरताना तो कधीतरी म्हणायचा, "मामी, तुमच्यासारख्या चार बायका नेमल्या तर आमची कंपनी बुडेल." मामी म्हणायची, "बुडू दे. आधी तुझी पँट पुरी करून घे."

मग मामीच्या घशात गाठ निघाली.

गाठ साधी होती. ती काढलीही. पण काही जणांच्या आवाजावर याचा परिणाम होतो, तसा मामीच्या झाला. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल. पूर्वीचाच येईल असं नाही. बरेच दिवस बोलायचं नव्हतं, ते दिवस तिनं खुणांवर काढले, आणि त्यात तशी मजाही होती. मामांना चहा कमी गोड झाला, हे ती भुवयांवरून ओळखायची आणि हातवारे करून भांडायचीही. मग बोलायची परवानगी मिळाली. त्याच दिवशी एक छोटी मुलगी आईबरोबर गणवेशाच्या मापाला आली. मामी नेहमीसारखी तिला "ये गं" म्हणाली. म्हणजे म्हणायला गेली. जे बाहेर आलं ते गंजलेलं शटर ओढल्यासारखं होतं. मुलगी दचकून आईच्या मागं लपली.

मुलीचा काही दोष नव्हता. पण मामीनं त्यानंतर तोंड मिटलं ते मिटलंच. हातवारेही बंद. खिडकीकडे तोंड करून काज करत बसायची. त्या आठवड्यात मामा तिला दवाखान्यातून घेऊन आले, ती गाडीतून उतरली, आणि रोजच्यासारखी काजाकडे न जाता पुढच्या दारानं सरळ आतल्या खोलीत निघून गेली. मामा गाडीत थांबले. इंजिन चालू ठेवून बराच वेळ थांबले. मग गाडी रस्त्यावरच लावून घरात आले.

शेजाऱ्यांनी विचारलं, तर म्हणाले, "नजर अधू झालीय. एकट्यानं आत घालणं जमत नाही आता."

तेव्हापासून गाडी रस्त्यावर. मामांनी तिला कव्हर शिवलं, डाव्या आरशाला बाहीसकट. पण कव्हरनं पाऊस अडतो, ट्रक अडत नाही. आधी बंपरला ओरखडा आला, मग मागच्या दाराला पोचा. भाच्यानं मदतीची शिकस्त केली. गॅरेजमध्ये मागं वीट ठेवून बघितली, चाक टेकलं की थांबायचं. मामा म्हणाले, विटेला ठेच लागून गाडी लंगडेल. मग त्यानं छताला दोऱ्यानं एक रिकामं रीळ टांगलं, ते मागच्या काचेला टेकलं की थांबायचं. मामा म्हणाले, वाऱ्यानं फिरतं ते, माझं डोकं फिरेल. मग मागं कुणी आलं की पिंपिं करणारं एक यंत्र मिळतं, ते सांगून बघितलं. मामा म्हणाले, "मशीनच्या आवाजानं थांबायची सवय नाही मला. मशीनच्या आवाजानं चालायची सवय आहे." शेवटी भाचा म्हणाला, "मीच उभा राहतो की काजात!" त्या दिवशीची कथा वर सांगितलीच आहे.

ताईचा फोन आला. ताई म्हणजे मामांची मुलगी. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्या बोलण्यात 'म्हणून' फार. "गाडी बाहेर राहते, म्हणून आपटते. तुम्हाला आत घालता येत नाही, म्हणून बाहेर राहते. म्हणून विकायची. आईला दवाखान्यात न्यायला मी टॅक्सी ठरवून देते."

"रविवारी ये," मामा म्हणाले. "मग बघू."

रविवारच्या आधी एका दुपारी कचेरीतली वीज गेली आणि सगळ्यांना घरी सोडलं. भाचा गल्लीच्या तोंडाशी आला आणि थबकला. गाडीचं कव्हर उतरलं होतं. मामा एकटेच आत बसले होते. फुटका उजवा आरसा मिटलेला. गाडी मागं सरकू लागली, आणि भाच्याच्या डोळ्यांदेखत ती गॅरेजमध्ये अशी गेली, जशी सुई कापडात जाते. कुठं थांबली नाही, पुढं-मागं केली नाही, हेलपाटली नाही. थांबली ती नेमकी थांबली. गाडीचं दार काजात उघडल्याचा आवाज भाच्याला बाहेर ऐकू आला.

तो तोंड उघडून 'वा' म्हणणार, तेवढ्यात दार पुन्हा लागलं, इंजिन सुरू झालं आणि गाडी बाहेर आली. मामांनी ती पुन्हा भिंतीला लावली, उतरले, आणि कव्हर झटकताना त्यांना भाचा दिसला.

"धर ते टोक," मामा म्हणाले.

भाच्यानं टोक धरलं. दोघांनी चादर झटकावी तसं कव्हर झटकलं.

"मामा, तुम्हाला येतं!"

"हळू बोल."

"नजर अधू झालीय म्हणून गल्लीभर सांगत फिरता, आणि इथं..."

"नजर चांगली आहे. तुझ्या पायावरचा कच्चा दोरा इथून दिसतोय मला."

"मग आरशाचं मला एवढं..."

"आरसा तू फोडलास, त्यात काही खोटं नाही." मामांनी आपलं टोक गाडीच्या नाकावर ओढलं. "अरे, पायडल मारणारा पाय आहे हा. कुठं थांबायचं ते पायाला कधीचं पाठ झालंय. गंज चढू नये म्हणून दुपारी एकदा घालून बघतो. मामी त्या वेळी आडवी होते."

"मग राहू द्या ना आत. बाहेर रोज नवा पोचा येतोय."

मामांनी कव्हरची बाही डाव्या आरशावर चढवली, बोटांनी नीट बसवली, जशी लहान मुलाच्या हातात बाही घालतात.

"आज मी एकट्यानं आत लावली, तर उद्या तिनं काजात कशाला यायचं?" ते म्हणाले. "काज मलाही करता येतात, तिच्याएवढे नसतील, पण येतात. म्हणून मी ते करायला बसतो का? ती जागा तिची आहे. रिकामी असू दे. पण रिकामी दिसली पाहिजे, तरच येईल. तिथं तुझ्यासारखा उपटसुंभ उभा राहिला, तरी ती येणार नाही, आणि मी एकट्यानं घातली, तरी येणार नाही."

"आणि ताईनं गाडी विकली तर?"

"तर मग शिंप्याची फजिती," मामा म्हणाले आणि हसले, पण ते हसू त्यांच्या मापाचं नव्हतं.

रविवारी ताई आली. आल्या आल्या तिनं आईला मिठी मारली, आई खिडकीजवळून उठली नाही. मग ताई बाहेर जाऊन गाडीभोवती फिरली, प्रत्येक पोच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, सरळ हिशेब. आत्ता माझ्यासमोर गॅरेजमध्ये लावून दाखवा. लागली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही लागली, तर आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर संध्याकाळी गाडी बघायला येणार आहेत."

"चित्रकलेचे? म्हणजे रंग चांगला देतील," मामा म्हणाले.

"बाबा, विनोद नकोत."

मामा गाडीत बसले. उजवीकडचा फुटका आरसा त्यांनी हातानं मिटला. ताई रस्त्यावर उभी राहिली. भाचा धावत खोलीत आला आणि काजाच्या बाजूला उभा राहिला. काजात नव्हे, बाजूला. एवढी अक्कल त्याला आता आली होती. खिडकीजवळ मामी सदऱ्याला काज करत होती, बोटात पितळी टोपी, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती.

इंजिन सुरू झालं. गाडी हलली नाही.

बाहेरून ताईचा आवाज आला, "घ्या ना बाबा."

गाडी हलली नाही.

भाच्याला एकदम सगळा पेच दिसला. मामांनी आत घातली, तर गाडी वाचते आणि मामीची जागा जाते. नाही घातली, तर गाडीही जाते आणि जागाही जाते. टॅक्सीला काज लागत नाही. एकट्यानं घालणं हेच शहाणपणाचं होतं. ताईच्या गणितात तेच बसत होतं. भाच्याच्या कचेरीतही तेच बसलं असतं. आणि मामा, ज्यांचा पाय झोपेतही नेमक्या जागी थांबला असता, ते पाय ब्रेकवर दाबून बसून राहिले होते. मान डावीकडे. नजर डाव्या आरशात.

"बाबा, येत नसेल तर तसं सांगा. लाजायचं काय त्यात?"

इंजिन घुरघुरत राहिलं. धूर गॅरेजमधून खोलीत येऊ लागला. भाच्याला वाटलं, आपणच एकदा 'या' म्हणावं आणि सोडवावं हे. त्यानं तोंड उघडलंही. पण उघडलेल्या आरशाची आठवण ताजी होती. त्यानं तोंड मिटलं.

मामीची सुई थांबली.

तिनं सदरा बाजूला ठेवला. उठली. भाच्याला वाटलं, धुरामुळं खिडकी उघडायला उठली असेल. ती काजाकडे आली, भाच्याच्या दंडाला धरून त्याला खुर्ची सरकवावी तसं आणखी बाजूला सरकवलं, आणि चौकटीत उभी राहिली. एक क्षण तिचे ओठ हलले. मग तिनं ते घट्ट मिटले आणि हात वर करून बोटातली टोपी चौकटीच्या लाकडावर आपटली.

टक.

इंजिनचा आवाज बदलला. मामांची मान वळली नाही, पण मान न वळवण्याचा एवढा आटापिटा भाच्यानं कुणाचा पाहिला नव्हता.

टक. टक. टक. टक.

गाडी मागं सरकू लागली. शेपटी मामीपुढून गेली, मागचं दार गेलं, पोच्यासकट. तिकडे गॅरेजच्या तोंडाशी मिटलेला आरसा चौकटीला न शिवता आत आला. टक, टक, टक. या, या, अजून या. मग पुढची खिडकी आली, खिडकीत कान आला, गाल आला, चौकटीत पुरता चेहरा आला.

मामीचा हात थांबला. टकटक थांबली. गाडी थांबली.

काजात गाडीचं दार उघडलं. मामांनी पाय काढून मशीनपाशी टेकवला. दोघं समोरासमोर उभे राहिले. मामा म्हणाले, "आजवर तू बोललीस की थांबायचो. आता गप्प झालीस की थांबायचं. उलटंच झालं सगळं. शिकायला लागेल मला."

मामीनं त्यांच्याकडे बघितलं. गॅरेजमधल्या धुराकडे बघितलं. आणि गंजकं शटर ओढल्यासारखा तो आवाज, तोच, खोलीत आला:

"पेट्रोल काय... विहिरीतून काढता?"

मामा काहीसुद्धा घडलं नसल्यासारखे म्हणाले, "आहे अजून थोडं." आणि घाईघाईनं टेबलाकडे वळून, माप घेऊन झालेल्या एका कापडाचं त्यांनी पुन्हा माप घेतलं. टेप उलटा धरला होता.

रस्त्यावरून ताई ओरडली, "लागली की हो! मग इतका वेळ कशाला घालवलात?"

चित्रकलेच्या सरांना फोन करून नको म्हणून सांगावं लागलं.

त्यानंतर मामी रोज काजात येते. फार बोलत नाही. आवाज जेवढा पुरतो तेवढाच वापरते, आणि त्यातला बराचसा मामांना टोमणे मारण्यात खर्च करते. ती छोटी मुलगी गणवेश न्यायला आली, तेव्हा मामीनं तिला बोटातली टोपी दिली आणि टकटक करून घेतली. मामा मशीनवर बसल्या बसल्या टकटकीवर पायडल मारत आणि थांबत राहिले. मुलगी जाता जाता मामीला म्हणाली, "तुमचा आवाज बेडकासारखा आहे." मामी म्हणाली, "मग? बेडूक काय... वाईट असतो?"

एके दिवशी भाचा डबा घेऊन निघाला होता, तेव्हा तिनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"दुपारी... एकटे लावायचे ना गाडी?" ती कुजबुजली.

भाच्यानं कानावर हात ठेवले. "मला काय माहीत मामी? मी कचेरीत असतो."

"खोटारड्या." तिनं त्याच्या दंडावर टोपी टेकवली, आपटली नाही. "आवाज गेलाय माझा... कान नाही गेले. रोज ऐकायचे मी. आत जायची... आणि परत बाहेर यायची." तिनं दम घेतला. "त्यांना सांगू नकोस."

असं दोघांचं एकच गुपित दोन टोकांनी भाच्याच्या हातात आलं, आणि तो ते कव्हरसारखं दोन्हीकडून धरून उभा आहे. झटकायची सोय नाही.

राहिला आरसा. भाचा दोनदा दुकानापर्यंत जाऊन आला. दुकानदार विचारतो, "डावा की उजवा?" आणि 'उजवा' म्हणायला भाच्याची जीभ रेटत नाही; उजवीकडचं बघायला मामी आहे. मामांनी फुटक्या आरशाच्या सांगाड्यावर गणवेशाच्या उरलेल्या कापडाची एक टोपी शिवून चढवली आहे, इलॅस्टिक लावून, निळी. गॅरेजच्या तोंडाशी आले, की ते त्या टोपीसकट आरसा मिटतात, मान डावीकडे करतात आणि वाट बघतात.

पण मामा हिशेबाला पक्के. सकाळी भाचा जिना उतरला, की टेबलावरून मान वर न करता विचारतात, "आरसा?"

"उद्या, मामा."

"आण. देणं ते देणं. आणि तुझ्या पँटचा उजवा पाय आरसा आल्याशिवाय पक्का होणार नाही, हे ध्यानात ठेव."

आत मामी हसते, खरखर असं. आणि भाचा डाव्या पायाला पक्की टीप नि उजव्या पायाला कच्ची टीप, असा कचेरीला निघतो.